झटका कळतो, कारण मोजावं लागतं

होटगी जंक्शनच्या मंडळींना हे सांगायला नको: लोको पायलट फक्त ‘इथं झटका बसतो’ असं कळवतो, मग रूळ मोजून दोष शोधावा लागतो. जेम्स मॅनगोल्डच्या २०१९ च्या ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’त ही वाटणीच पुसली आहे, असं आम्हाला वाटतं. त्यात केन माइल्स गाडीतला संगणक उतरवायला लावतो, अंगभर लोकरीचे धागे चिकटवले जातात आणि हवेचा दोष दिसतो. टाळ्या! पण मंडळी, धागे हेही मोजमापच की.

खरा इतिहास बघा. एप्रिल १९६४ मध्ये ल मांच्या चाचणीत जीटी४० च्या दोन गाड्या आपटल्या. भरवेगात हवेनं मागची बाजू उचलली जाई, टायरची पकड सुटे. उपाय काय? शेपटीवर आडवी पट्टी. दोष फक्त वेगातच दिसला तर हवेवर संशय घ्यायचा. हळू वळणावरही दिसला तर टायर, स्प्रिंगकडे वळायचं. आणि एका वेळी एकच बदल.

चित्रपट चालकाचा मान राखतो, ते आवडलंच. पण मोजणाऱ्यांची चेष्टा खटकते. चाचणी जिवाशी खेळ असते. ऑगस्ट १९६६ मध्ये माइल्स चाचणीतच गेला. चालकाचं अंग खोटं बोलत नाही, पण कारणही सांगत नाही.