चौकटीतून निसटलेला माळ

सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात, जत-आटपाडीपासून माण-खटावपर्यंत, वन्यजीव छायाचित्रण आता चांगलेच रुजले आहे. एकेकाळी हा पुण्या-मुंबईकडच्या हौशी मंडळींचा छंद. आज गावातला शिक्षक, डॉक्टर, डाळिंबाचा बागायतदारही झुंजूमुंजू होताच लांब लेन्स घेऊन माळाकडे निघतो. तंत्राच्या बाबतीत नाव ठेवायला जागा नाही. खोकडाच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा, इतके नेमके काम होते. तक्रार वेगळीच आहे: या फोटोंत प्राणी दिसतो, माळ दिसत नाही.

लांब लेन्सचे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून, जमिनीला पोट लावून फोटो काढला की मागचे सगळे विरघळून जाते. कुसळी गवत, तरवडाची झुडपे, पवनचक्की, बागेचे तारेचे कुंपण यांची एक गुळगुळीत पिवळसर भिंत होते. ‘बॅकग्राउंड काय स्वच्छ आलंय!’ ही दाद मिळते, आणि पुढचा फोटोही तसाच निघतो. तो जतच्या मुचंडीचा की राजस्थानातला, हे फोटो सांगत नाही.

हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही. सरकारी नोंदींत गवताळ माळाची गणना बहुतेक वेळा ‘पडीक’ जमिनीत होते; मग तिथे झाडे लावा, प्रकल्प आणा, नांगर घाला, कोणी हटकत नाही. माळ जिवंत आहे याचा सर्वांत सोपा पुरावा छायाचित्रकाराच्या हातात असतो. पण तो नेमका तेवढाच पुसून टाकतो.

उलट उदाहरण मुंबईचे आहे. नयन खानोलकर यांना २०१६ मध्ये ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचे पारितोषिक मिळाले, ते आरे कॉलनीतल्या बिबट्याच्या फोटोला. अंधारी गल्ली, दोन्ही बाजूंना घरे आणि त्यातून वाट काढणारा बिबट्या. प्राण्याने सगळी चौकट व्यापू नये, अशाच बेताने त्यांनी कॅमेरा लावला होता, आणि फ्लॅशचा उजेडही गल्लीतल्या नेहमीच्या उजेडासारखा ठेवला होता. बिबट्या आणि वारली पाडा एकमेकांच्या किती जवळ राहतात, हे त्या एका फोटोत कळते.

याच स्पर्धेत २००९ चा मानकरी ठरलेला फोटो लाकडी फाटकावरून उडी घेणाऱ्या लांडग्याचा होता. लांडगा पाळीव असल्याचे परीक्षकांचे मत झाले आणि २०१० च्या जानेवारीत तो फोटो बाद केला गेला. हवा तसा प्रसंग घडवून आणण्याचा मोह आपल्याकडेही आहे: खाद्य टाकणे, पक्ष्याच्या आवाजाचे रेकॉर्डिंग वाजवणे, पिलांच्या बिळाशी तळ ठोकणे. अभयारण्यात फोटो काढायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवानगी लागते. गायरानात ना फाटक ना गाइड. तिथे ज्याचा लगाम त्यानेच ओढायचा.

आणि प्रामाणिक फोटोही फसवू शकतो. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर विणीच्या काळात नर सरडा दगडावर चढून गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडतो. ‘सारडा सुपर्बा’ नावाने त्याचे शास्त्रीय वर्णन २०१६ मध्ये झाले, तेही इथल्याच नमुन्यांवरून. पठारावर पवनचक्क्या आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले, की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी बरेच कमी आहेत. त्यामुळे सरडे वाढले, माणसाला जवळ येऊ देऊ लागले आणि त्यांचे रंगही फिकटले. म्हणजे तिथला क्लोजअप सहज मिळाला, तर त्याचे श्रेय कमी झालेल्या शिकारी पक्ष्यांनाही द्यावे लागेल. पवनचक्की चौकटीबाहेर ठेवली की फोटोतली खरी गोष्टच बाहेर राहते.

माणदेशाला प्राणी परिसरासकट पाहण्याची ही दृष्टी नवी नाही. आटपाडीजवळच्या माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांच्या लेखनात आणि रेखाटनांत जनावर, माणूस आणि रान एकत्रच येतात. जतच्या लांडग्याचे जगणेही माडग्याळी मेंढरांच्या वाटांना बांधलेले आहे. बाकदार नाकाची ती उंच मेंढी, रात्री भोवती लावलेली वाघर, राखणीची कुत्री, सकाळी कमी भरलेले कोकरू: हे सगळे लांडग्याच्या चित्राचाच भाग आहे. बीळ कुठे आहे हे मेंढपाळाने सांगायचे, आणि फोटोत मात्र ना तो, ना त्याचा कळप!

म्हणून आता चांगल्या फोटोची कसोटी बदलायला हवी. पिसांच्या बारकाव्याला गुण द्यावेत, पण रुंद चौकटीलाही द्यावेत. जमीन, पीक, ऋतू ओळखू येतो का, हे विचारावे. फोटोखाली तारीख आणि तालुका असावा, बिळाचा पत्ता नसावा. आणि ही चित्रे पुण्यातल्या दालनाआधी जतच्या बाजारच्या दिवशी लावावीत. तिथला धनगर ज्या फोटोपुढे थांबून रान ओळखेल, तो फोटो जतचा.