शिकागोंतील एक दिवस

ज्या कथेचा शेवट प्रेक्षकांस घरून निघण्यापूर्वींच ठाऊक असतो, तींत रंग कसा भरावा, हा प्रश्न आपल्या नाटककारांस नवा नाहीं. 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकांत राम आणि सीता आपल्याच गतायुष्याचीं चित्रें पाहत उभीं असतात. पुढें काय ओढवणार हें प्रेक्षकांस माहीत, त्या दोघांस मात्र नाहीं. भवभूतीनें या अज्ञानांतून करुण रस निर्माण केला. रिचर्ड टॅन यांनीं 'साउथसाइड विथ यू' (२०१६) या आपल्या पहिल्याच बोलपटांत याच्या नेमकी उलट परिस्थिति पत्करली आहे. यांतील तरुण आणि तरुणी पुढें पतिपत्नी होणार, आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानीं आठ वर्षें संसार करणार, हें जगास माहीत आहे. शेवट गोड आहे एवढेंच नव्हे, तो वृत्तपत्रांत छापूनही झाला आहे. मग ८४ मिनिटें प्रेक्षकानें खुर्चीवर बसावें तें कशासाठीं?

कथा म्हणावी तर इतकीच. १९८९ चा उन्हाळा. मिशेल रॉबिन्सन ही शिकागोच्या एका मोठ्या वकिली पेढींत काम करणारी तरुणी. हार्वर्डमधील कायद्याचें पहिलें वर्ष संपवून सुटीपुरता त्या पेढींत आलेला बराक ओबामा हा तिच्या देखरेखीखालीं. तो तिला एका सभेस येण्याचें आमंत्रण देतो. ती जाते, पण ही प्रेमिकांची भेट नव्हे, असें घरीं आईवडिलांस आणि वाटेंत त्याला बजावून. बाहेर पडल्यावर कळतें कीं सभेस अद्याप बराच अवकाश आहे, आणि तोंवर चित्रप्रदर्शन पाहावयाचें ठरलें आहे. ठरलें म्हणजे अर्थात् त्यानें ठरवलें आहे. मोटार जुनी, तिच्या तळाला भोंक, आणि त्यांतून खालचा रस्ता पळतांना दिसतो. पुढें चित्रें, बागेंतील भटकणें, सभा, बोलपट, आइस्क्रीम. बस्स.

पण या साध्या क्रमांत एक गंमत आहे, ती बहुतेकांच्या नजरेंतून निसटण्यासारखी आहे. मिशेल ही या शहराच्या दक्षिण भागांत जन्मलेली आणि वाढलेली. तिचे वडील शहराच्या पाणीपुरवठा केंद्रांत नोकरीस. बराक होनोलुलूचा, उपरा. आणि तरीही दिवसभर शहर दाखवतो तो, आणि पाहते ती! माहेरवाशिणीला पाहुण्यानें तिचेंच गांव हिंडवून आणावें, तसा हा प्रकार. सभा भरते ती ऑल्टगेल्ड गार्डन्स या वसाहतींत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ सालीं, कृष्णवर्णी कामगारांसाठीं शहराच्या अगदीं दक्षिण टोकाला ही वसाहत उभारण्यांत आली. हार्वर्डला जाण्यापूर्वीं बराकनें त्या बाजूस लोकसंघटनेचें काम केलेलें. तेथील बायाबापड्या त्याला नांवानें ओळखतात, त्याची थट्टा करतात, आणि त्याच्याबरोबर आलेल्या मुलीला निरखून पाहतात. दक्षिण भागांतून शिकून बाहेर पडलेली आणि उंच इमारतींतील कचेरींत जाऊन बसलेली मिशेल त्या खोलींत परकी ठरते. हें कोणीही बोलून दाखवत नाहीं. टिका सम्प्टर या नटीनें तें केवळ बसण्याच्या ढबीनें दाखवलें आहे, आणि तिच्या साऱ्या कामांत आम्हांस तीं दोन-चार मिनिटें सर्वांत मोलाचीं वाटलीं.

चित्रांचा प्रवेशही चांगला उतरला आहे. प्रत्यक्षांत तीं दोघें त्या दिवशीं शिकागोच्या 'आर्ट इन्स्टिट्यूट'मध्यें गेलीं होतीं. (१८९३ सालीं स्वामी विवेकानंदांनीं सर्वधर्मपरिषदेंत भाषण केलें तें याच वास्तूंत, हें वाचकांस आठवत असेलच.) टॅन यांनीं मात्र त्यांस अर्नी बार्न्सच्या चित्रांपुढें उभें केलें आहे. बार्न्स हा आधीं धंदेवाईक फुटबॉलपटू आणि मागाहून चित्रकार. त्याच्या चित्रांतील माणसें लांबट, लवलवत्या अंगांचीं, आणि पुष्कळदां डोळे मिटलेलीं. जगप्रसिद्ध संग्रहालयांतील दालनें दाखवून प्रेक्षकांस दिपवण्याचा मोह सोडून दिग्दर्शकानें हीं घरगुती, नाचणारीं-गाणारीं चित्रें निवडलीं, हा फरक आम्हांस रुचला. राम-सीतेच्या चित्रदर्शनाची आठवण झाली ती येथेंच. यांतील चित्रें त्या दोघांच्या चरित्राचीं नव्हेत. तथापि आपल्या माणसांचीं चित्रें पाहतांना माणूस आपोआप स्वतःविषयीं बोलूं लागतो, आणि येथेंही तसेंच घडतें.

दोष आहेच, आणि तो लहान नाहीं. सभेंतील बराकचें भाषण ऐकतांना असें वाटतें कीं या तरुणास आपल्या पुढील पदाची कुणकुण लागली आहे. नकार देणाऱ्या अधिकाऱ्यासही कांहीं अडचण असेल, ती समजून घ्या, हा त्याचा मुद्दा खोटा नाहीं. परंतु वाक्यें इतकीं गोळीबंद कीं, पंचवीस-तीस वर्षांनीं जमणारा श्रोतृसमुदाय जणूं त्याच्या डोळ्यांपुढें आहे. नाटककारास जें ठाऊक आहे तें पात्राला ठाऊक असतां कामा नये. पार्कर सॉयर्स यांनीं ओबामांच्या बोलण्यांतील थांबे आणि हेल अचूक उचलले आहेत, यामुळें तर ही भविष्यवाणी अधिकच उघडी पडते. वास्तविक बागेंतील संभाषणांत, वडिलांविषयींच्या कडवटपणावरून मिशेल त्याला टोकते आणि तो गडबडतो, तेव्हां तो कितीतरी जिवंत वाटतो.

परंतु या बोलपटाचें खरें मर्म सभेंत नसून चित्रपटगृहाच्या दाराशीं आहे. दोघें स्पाइक ली यांचा, त्याच वर्षीं निघालेला, 'डू द राइट थिंग' पाहून बाहेर पडतात. त्या चित्रपटांत पोलिसांच्या हातून एक कृष्णवर्णी तरुण मरतो, आणि मूकी हा नोकर आपल्या गोऱ्या मालकाच्या दुकानाची कांच कचऱ्याचा डबा फेकून फोडतो. नेमके तेथें पेढींतील एक वरिष्ठ गोरे गृहस्थ सपत्निक भेटतात, आणि मूकीनें असें कां केलें, हें आपणांस उमगलें नाहीं, असें म्हणतात. बराक हंसतमुखानें सांगतो: जमावाचा राग मालकावरून दुकानाकडे वळावा म्हणून; त्यानें मालकाचा जीवच वांचवला. गृहस्थ समाधानानें निघून जातात. त्यांची पाठ वळतांच बराक मिशेलला खरें उत्तर देतो: मूकी संतापला होता, म्हणून.

एकाच कृत्याचे हे दोन अर्थ, एक गोऱ्या कानांसाठीं आणि एक आपल्या माणसांसाठीं, आणि दोन्ही एकाच जिभेवर तयार. यास चातुर्य म्हणावें कीं लाचारी? बोलपट निर्णय देत नाहीं, आणि तें योग्यच केलें. मिशेलच्या रागाचें कारण आणखी निराळें. पेढींत ती स्त्री आणि त्यांतून कृष्णवर्णी. हाताखालच्या उमेदवाराबरोबर सुटीच्या दिवशीं ती दिसली, तर बोलणी खावी लागतील ती तिला. तो सुटी संपतांच निघून जाणार. दिवसभर ती बजावत होती तें लटकें लाजणें नव्हतें, तो नोकरीचा प्रश्न होता, हें येथें प्रेक्षकांस उमगतें, आणि त्यालाही. तिच्या नकाराचें वजन कळण्यास एका पुरुषाला उभा दिवस लागावा, या गोष्टीवर कथेची सारी भिस्त आहे. आणि ती गोष्ट कळण्यास पुढचें राष्ट्राध्यक्षपद ठाऊक असण्याची मुळींच गरज नाहीं.

त्यानंतर तो तिच्यासाठीं चॉकलेटचें आइस्क्रीम आणतो. उभयतांच्या ग्रंथांवरून दिसतें कीं, सभेस तीं गेलीं तो दिवस निराळा होता, आणि आइस्क्रीमही पेढीच्या सहलीनंतरचें. टॅन यांनीं अनेक दिवस एकत्र शिवून एक दिवस केला. इतिहासाच्या दृष्टीनें ही लबाडी खरी. पण त्या शिवणीमुळेंच आइस्क्रीमला क्षमायाचनेचा अर्थ आला, जो त्याला प्रत्यक्षांत नव्हता. हाइड पार्कमध्यें त्या दुकानाच्या कोपऱ्यावर २०१२ सालीं पहिल्या चुंबनाची आठवण म्हणून एक शिळा बसवण्यांत आली आहे. बोलपटांत ती अर्थात् कोठेंच नाहीं. तेथें फक्त संध्याकाळ, रस्त्याची कड, आणि अजून पुरती न निवळलेली एक मुलगी.