कमाल भाड्याचे किमान होणे : मॅथ्यू डेझ्मंड यांच्या ‘इव्हिक्टेड’ची एक चिकित्सा

घरमालक आणि भाडेकरू यांच्या संबंधांची मराठीतील चर्चा बहुधा १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याभोवती फिरत आली आहे. प्रमाणभाडे १९४० च्या पातळीशी बांधले गेले, मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरवली, पागडी फोफावली, हा क्रम आपल्या परिचयाचा आहे. या चित्रात शासन भाडे रोखणारे असते. शासन स्वतःच भाडे भरू लागले, तर घरमालक ते कशाच्या आधारे ठरवील, हा प्रश्न त्या चित्रात बसत नाही. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मॅथ्यू डेझ्मंड यांच्या ‘इव्हिक्टेड : पॉव्हर्टी अँड प्रॉफिट इन द अमेरिकन सिटी’ (२०१६) या ग्रंथाचे वाचन प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या अनुरोधाने केले आहे.

२०१७ चे पुलित्झर पारितोषिक मिळालेला हा ग्रंथ मिलवॉकी शहरातील आठ कुटुंबांची कहाणी सांगतो. त्यातील सर्व नावे बदललेली आहेत. आर्लीन या स्त्रीला दरमहा ६२८ डॉलर शासकीय साहाय्य मिळते आणि त्यातील ५५० डॉलर घरभाड्यात जातात. तिची घरमालकीण शेरीना ही पूर्वाश्रमीची शिक्षिका. लेखकाने तिला खलनायिका केलेले नाही, ही या ग्रंथाची जमेची बाजू. तिचा हिशेब, तिची धडाडी आणि अधूनमधून तिला येणारी दया, हे सर्व तो शांतपणे नोंदवतो. आर्लीनला मिळणारे साहाय्य हे घरभाड्यासाठीचे साहाय्य नव्हे, हे येथे लक्षात घेणे अगत्याचे आहे. घरभाड्याचे साहाय्य मिळण्यास पात्र असलेल्या कुटुंबांपैकी साधारण चारातील एकालाच ते मिळते.

ज्यांना ते मिळते त्यांच्याकरिता प्रमुख योजना म्हणजे ‘हाउसिंग चॉइस व्हाउचर’. तिची मुळे १९७४ च्या कायद्याने १९३७ च्या गृहनिर्माण कायद्यात घातलेल्या आठव्या कलमात आहेत. भाडेकरूने खाजगी घरमालकाचे घर शोधावे, आपल्या समायोजित उत्पन्नाच्या ३० टक्के रक्कम स्वतः द्यावी आणि उरलेली रक्कम शासनाने एका कमाल मर्यादेपर्यंत भरावी, अशी ही रचना आहे. ती मर्यादा ‘रास्त बाजारभाडे’ नावाच्या आकड्यावरून ठरते. महानगर क्षेत्रातील सर्वसाधारण घरांची भाडी चढत्या क्रमाने मांडली असता शेकडा चाळिसाव्या स्थानी येणारे भाडे म्हणजे हा आकडा. केंद्रीय गृहनिर्माण विभाग तो दरवर्षी प्रसिद्ध करतो आणि स्थानिक गृहनिर्माण संस्था सामान्यतः त्याच्या ९० ते ११० टक्क्यांच्या दरम्यान आपली मर्यादा ठेवते.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मर्यादा १,००० डॉलर आहे आणि भाडेकरूचे समायोजित मासिक उत्पन्न १,२०० डॉलर आहे. तिचा वाटा ३६० डॉलर झाला. त्या वस्तीतील तशाच घराचे चालू भाडे ८५० डॉलर असेल, तर शासनाचा वाटा ४९० येतो. मालकाने १,००० मागितले, तर तो ६४० होतो. भाडेकरूचे ३६० दोन्ही वेळी तेच राहतात. मग तिने घासाघीस कशासाठी करावी? त्यातच व्हाउचरची मुदत संपण्याआधी घर मिळवण्याची तिला घाई असते. १९८३ मध्ये सुरू झालेल्या मूळ व्हाउचर योजनेत मर्यादेपेक्षा स्वस्त घर शोधणाऱ्या भाडेकरूला वाचलेल्या रकमेचा लाभ मिळत असे. १९९८ च्या कायद्याने दोन समांतर योजना एकत्र केल्या आणि ही तरतूद गेली. सौदा करण्यात ज्याचे हित होते असा एकमेव पक्ष त्यामुळे व्यवहारातून बाहेर पडला. भाडे वाजवी आहे की नाही, हे आसपासच्या अनुदानविरहित घरांशी ताडून पाहण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर आहे. परंतु घरमालकांना योजनेत टिकवून ठेवायचे आणि त्यांचे भाडेही कापायचे, ही दोन कामे एकाच यंत्रणेकडे असल्यावर कोणते काम मागे पडेल, हे सांगावयास नको.

डेझ्मंड यांच्या मते मिलवॉकीत व्हाउचरधारकांकडून तशाच वस्तीतील तशाच घरांसाठी दरमहा सरासरी ५५ डॉलर अधिक आकारले जात होते. त्याचा वार्षिक भार ३६ लाख डॉलर होता आणि तेवढ्या रकमेत आणखी ५८८ कुटुंबांना साहाय्य देता आले असते. हा निष्कर्ष ग्रंथात ओघात येऊन जातो. त्याची सांख्यिकीय बाजू लेखकाने क्रिस्टिन पर्किन्स यांच्यासह लिहिलेल्या स्वतंत्र शोधनिबंधात पाहावी लागते. माझी मुख्य तक्रार येथेच आहे. कथनाचा सारा प्रकाश घराबाहेर काढल्या जाणाऱ्यांवर पडतो, कारण नाट्य तेथे आहे. व्हाउचरधारकाच्या घरात असे नाट्य घडत नाही. तेथे फक्त एक आकडा दुसऱ्या आकड्याला जाऊन भिडतो. परिणामी शेरीनाचे भाडे तिच्या चातुर्यातून जन्मते, अशी वाचकाची समजूत होते. वस्तुतः व्हाउचरच्या बाबतीत ते शासनाने छापलेल्या तक्त्यातून जन्मते. वरची हद्द म्हणून जाहीर झालेला आकडा मालकासाठी मागणीचा आरंभबिंदू ठरतो.

वाढीव भाडे म्हणजे तपासणी, कागदपत्रे आणि पहिल्या हप्त्याचा विलंब यांची भरपाई आहे, असा आक्षेप घेता येईल. मालकाच्या या खर्चाचे मोजमाप तुलनेत नाही, ही उणीव मान्य केली पाहिजे. तथापि शासनाचा हिस्सा दरमहा खात्रीने येतो आणि भाडे बुडण्याचा धोका घटतो. त्या न्यायाने भाडे उतरावयास हवे होते.

ईव्हा रोझेन यांचा ‘द व्हाउचर प्रॉमिस’ (२०२०) हा ग्रंथ या ठिकाणी अधिक उजवा वाटतो. बाल्टिमोरच्या पार्क हाइट्स भागातील घरमालक व्हाउचरधारकांना मुद्दाम शोधून आणतात, असे त्यांना आढळले. मर्यादा संपूर्ण महानगरासाठी एकच असेल, तर गरीब वस्तीत ती चालू भाड्याच्या वर राहते आणि सधन वस्तीत खाली. म्हणून एकीकडे मालक या भाडेकरूंना बोलावतात, दुसरीकडे दार लावून घेतात. निवडीचे स्वातंत्र्य योजनेच्या नावातच आहे. प्रत्यक्षात ही निवड बऱ्याच अंशी मालक करतो.

अर्थशास्त्रज्ञांचे पुरावे मात्र एकमुखी नाहीत. स्कॉट सुसिन यांच्या २००२ च्या अभ्यासात मोठ्या महानगरांतील व्हाउचरांमुळे अल्प उत्पन्न गटाची भाडी सरासरी १६ टक्क्यांनी वाढल्याचे दिसते. एरिक्सन आणि रॉस यांना २०१५ मध्ये एकूण भाडेपातळीवर असा परिणाम आढळला नाही. कॉलिन्सन आणि गॅनॉंग यांचा २०१८ चा निबंध आपल्या प्रश्नाला थेट भिडतो. संपूर्ण महानगराची मर्यादा वाढवल्यास लाभ प्रामुख्याने मालकांच्या पदरी पडतो आणि घराचा दर्जा जेमतेम बदलतो. उलट डॅलसमध्ये पिनकोडनिहाय मर्यादा ठरवल्यावर भाडेकरू अधिक चांगल्या वस्त्यांत गेले.

डेझ्मंड उपसंहारात सर्व गरजू कुटुंबांना व्हाउचर द्यावे, असे सुचवतात. भाडी स्थिर न करता असा विस्तार केल्यास करदात्यांचा पैसा मालकांच्या नफ्यात जाईल, हेही ते मान्य करतात. पण स्थिर कोणी आणि कशी करावयाची, याचे उत्तर त्रोटक आहे. पिनकोडनिहाय मर्यादेने सधन वस्तीचे दार थोडे उघडते, हे डॅलसने दाखवले. वस्तीपुरता आकडा आधीच जाहीर असणे मात्र तेथेही टळत नाही. १९९८ मध्ये गेलेली बचतीची तरतूद परत आणल्यास भाडेकरू पुन्हा सौद्यात उतरेल, परंतु ती अधिक स्वस्त आणि अधिक पडक्या घराकडे वळण्याचा धोका राहील. शेरीनाची घरे ज्या बारकाईने लेखकाने पाहिली, त्याच बारकाईने त्याने गृहनिर्माण संस्थेच्या कचेरीत काही महिने बसून वाजवी भाड्याची पडताळणी होताना पाहिली असती, तर या उपसंहाराला आज नसलेला आधार मिळाला असता.