चेकची मागची बाजू

स्थापत्यकलेवर लिहायचा माझा अधिकार काय, असं कुणी विचारण्याआधी मीच सांगून टाकतो: काही नाही. मी कॉमर्सचा पदवीधर, बँकेत कारकून. आजवर मी उभी केलेली सर्वांत उंच गोष्ट म्हणजे नोटांची चळत, आणि तीही दुसऱ्याच्या. तरीसुद्धा मला गगनचुंबी इमारतींवर चार शब्द बोलायचे आहेत. याला कारण आमचे साडू.

साडू आर्किटेक्ट आहेत. त्यांच्या दिवाणखान्यातल्या टीपॉयवर जगातल्या पारितोषिकविजेत्या इमारतींचं एक जाडजूड पुस्तक असतं. टीपॉय पुस्तकासाठी, चहाचा कप आपण हातात धरायचा. गेल्या दिवाळीत ते चाळताना माझ्या लक्षात आलं, की अख्ख्या पुस्तकात माणूस नाही. कुठल्या खिडकीत टॉवेल वाळत नाही, कुणी लिफ्टसाठी ताटकळत नाही. सगळ्या इमारती लग्नासाठी फोटो काढलेल्या मुलासारख्या: केस विंचरलेले, चष्मा काढून ठेवलेला.

“हा पाहा बॉस्टनचा जॉन हॅनकॉक टॉवर!” एका पानावर बोट ठेवून साडू म्हणाले, “आय. एम. पेई यांची फर्म.” मी ‘पै’ ऐकलं, आणि ते मंगळूरचे का, असं विचारणार होतो, पण हिने डोळ्यांनीच गप्प केलं. आराखडा पेईंचे भागीदार हेन्री कॉब यांचा. साठ मजले, उंची ७९० फूट. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचं पारितोषिक १९७७ साली, आणि त्याच संस्थेचं ‘पंचवीस वर्षांचं पारितोषिक’ २०११ साली.

फोटो सुंदर होता, खोटं कशाला बोलू? समांतरभुज चौकोनाच्या आकाराची निळसर काच, चौकाकडे फक्त तिची अरुंद कड. एवढी थोरली इमारत, पण पात्यासारखी बारीक दिसते. शेजारी १८७७ सालचं दगडी ट्रिनिटी चर्च, आणि त्याचं प्रतिबिंब टॉवरच्या काचेत. थोरल्या माणसाशेजारी उभं राहताना धाकट्याने अंग चोरावं, तसं काहीसं.

पण बँकेतल्या माणसाला एक खोड असते. मोठ्या रकमेचा चेक पाहिला की हात आपोआप त्याची मागची बाजू उलटतो. मी घरी येऊन या टॉवरची मागची बाजू शोधून वाचली.

टॉवरला एकंदर काचा १०,३४४. एकेक काच सुमारे पाचशे पौंड, म्हणजे सव्वादोन क्विंटलची! जानेवारी १९७३ मध्ये इमारत बांधून होण्याआधीच वादळ झालं आणि या काचा फुटून खाली पडू लागल्या. आमच्या सोसायटीत गच्चीवरून तुळशीची कुंडी पडली, तर जनरल बॉडी बोलावली होती. तिथे वारा सुटला की पोलीस खालचे रस्ते बंद करीत. रिकाम्या चौकटींत प्लायवुड ठोकलं. ते इतकं वाढलं, की बॉस्टनकर टॉवरला ‘प्लायवुड पॅलेस’ म्हणू लागले. मालक कोण? आयुर्विमा कंपनी!

काचा दुहेरी होत्या, मध्ये हवा, आणि कडेला डाख दिलेली शिशाची पट्टी. ऊन, थंडी, वारा यांनी काच हलणार. पण डाख तिला हलू देईना. शेवटी तडा डाखातून काचेत शिरला. म्हणजे जोड कच्चा म्हणून नव्हे, फार पक्का म्हणून काच फुटली. यावर संसाराविषयी दोन शब्द लिहायचा मोह होतो, पण विषय इमारतींचा आहे. तर, सगळ्याच्या सगळ्या काचा काढून एकेरी टफन्ड काचा बसवल्या.

पुढे ऐका. वारा आला की वरच्या मजल्यांवर लोकांना बोट लागल्यासारखं होई. म्हणून अठ्ठावन्नाव्या मजल्यावर, दोन टोकांना, शिसं भरलेल्या तीनतीनशे टनांच्या दोन पोलादी पेट्या तेलाच्या थरावर ठेवल्या. एस. टी. सुटली की उभा प्रवासी जसा मागे पडतो, तशा त्या इमारत हलली की मागे राहतात आणि स्प्रिंगांनी तिला आवरतात. मग ब्रुनो थुर्लिमान या स्विस इंजिनिअराने हिशेब मांडला, की विशिष्ट वाऱ्यात इमारत अरुंद बाजूवर कोसळू शकेल. आणखी १,५०० टन पोलाद! आणि बॉस्टनचा हा भाग, नावाने ‘बॅक बे’, आपल्या मुंबईच्या बॅकबेसारखाच पाणी बुजवून केलेला. पायाच्या खड्ड्याच्या भिंती सरकल्या आणि ज्या चर्चपुढे अंग चोरायचं, त्यालाच तडे गेले. चर्चने कोर्टात जाऊन भरपाई मिळवली.

एकूण बेरीज: साडेसात कोटी डॉलरांचं काम साडेसतरा कोटींवर, आणि १९७१ चा मुहूर्त १९७६ वर. लगेच पुढच्या वर्षी पारितोषिक! आमच्याकडे कॅशमध्ये दहा रुपये कमी आले तर मेमो मिळतो.

भाऊबीजेला मी हे सगळं साडूंपुढे मांडलं. “पारितोषिक डिझाईनला आहे, काचेला नव्हे,” ते म्हणाले.

“अहो, पण काच काढली तर या डिझाईनमध्ये उरतं काय?”

साडू क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “नवीन करणाऱ्याचं खातं पहिल्या वर्षी तोट्यातच असतं. एवढं तर तुम्हाला बँकेत शिकवलं असेल?”

शिकवलं आहे. म्हणून तर १९७७ चं पारितोषिक मला फोटोवर दिलेल्या कर्जासारखं वाटतं, आणि २०११ चं मुदत पुरी झालेल्या ठेवीसारखं. पस्तीस वर्षांनी टॉवर उभा, काचा जागेवर, शेजारी चर्चही उभं. २०१५ पासून विमा कंपनीचं नाव गेलं, आता नुसत्या पत्त्यावरून ‘२०० क्लॅरेंडन’ म्हणतात. सौंदर्य मात्र कमी झालेलं नाही. हे पारितोषिक मी बिनतक्रार पास करतो.

माझी तक्रार त्या पानाशी आहे. परीक्षक इमारत खालून बघतात, छायाचित्रकार लांबून. तिच्या आत बसून मळमळत फायली उपसणारा विमा कंपनीचा कारकून आणि फुटपाथवरून वर बघत चालणारा पादचारी, यांची नोंद कुठे करायची? या दोघांनीही त्या सौंदर्याचे हप्ते भरलेत. त्यांचा उल्लेख केला तर टॉवर लहान होत नाही. उलट, एवढं सोसून तो सुंदर राहिला, हे तरी कळतं.

साडू फराळाचं बघायला आत गेले, तेव्हा खिशातली पेन्सिल काढून त्या फोटोखाली मी बारीक अक्षरांत लिहिलं: ‘काचा १०,३४४. सर्व बदलल्या. तपासले.’ आणि सवयीने खाली सही केली.