मराठा भित्तिचित्रण : साहित्य व तंत्र

मराठा अमदानीत वाडे व मंदिरे यांच्या भिंतींवर झालेले चित्रकाम. नासिक जिल्ह्यातील चांदवड येथील होळकरांचा रंगमहाल हे त्याचे एक ठळक उदाहरण होय. वाई येथील वाडे व मेणवली येथील नाना फडणीसांचा वाडा यांतील चित्रेही याच परंपरेतील आहेत.

या चित्रांना सरसकट ‘फ्रेस्को’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो सोडून द्यावयास हवा. भित्तिलेपचित्रणात (फ्रेस्को) केवळ पाण्यात कालविलेले रंग चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर लावतात. चुना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घट्ट होतो व रंगकण त्यातच कोंडले जातात. गिलावा ओला असेतोच काम उरकावे लागत असल्याने इटलीतील चित्रकार दिवसभरात रंगवून होईल तेवढाच गिलावा घालीत. मराठा चित्रकारांची रीत मुख्यत्वे चिक्कणरंगाची (टेंपरा) आहे : गिलावा वाळल्यावर डिंक वा सरस यांसारख्या बंधकद्रव्यात रंग खलून ते भिंतीवर चढवावयाचे. म्हशीच्या कातड्यापासून काढलेल्या वज्रलेपाची कृती बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात आढळते, यावरून ही रीत दख्खनला किती जुनी, हे ध्यानात येईल.

तंत्राचा हा भेद शैलीतही उमटला आहे. कोरड्या भिंतीवर चित्रकारास उसंत मिळते. म्हणूनच एकचश्म चेहरे, दागिन्यांचे बारकावे व अखेरीस ओढलेली ठसठशीत बाह्यरेषा ही लघुचित्रांची वैशिष्ट्ये येथे भिंतीवर उतरू शकली. रंग सपाट आहेत. त्यांत छायाप्रकाशाचा अभाव पाहून चित्रकारास उणे लेखणे अन्यायाचे होईल, कारण त्याचे सारे लक्ष रेषेवर आहे. गेरू, हरताळ, हिंगूळ, नीळ व काजळी हे पारंपरिक भारतीय चित्रकाराचे नेहमीचे रंग. हरताळ उजेडाने फिकटते, तर शेंदूर भिंतीवर कालांतराने काळवंडतो. तेव्हा आज दिसणारा काळसर भाग मूळचाच मानण्यापूर्वी समीक्षकाने रंगद्रव्याची चौकशी करावी.

जतनाच्या दृष्टीने तर हा भेद निर्णायकच आहे. भित्तिलेपचित्र ओल्या बोळ्याने पुसणे एक वेळ निभावते. डिंकात बांधलेला रंग मात्र पाण्याबरोबर निघून येतो. वरून दिलेले रोगणही घातकच. अजिंठ्याची चित्रेही वाळलेल्या लेपावरचीच. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रतिकृती केल्या, त्या वेळी चित्रे उठून दिसावीत म्हणून त्यांवर रोगण देण्यात आले. ते पुढे पिवळे पडून मूळ रंग झाकोळले.