फादर ब्राऊन : विचारप्रधान की भावनाप्रधान?

कथा-कादंबऱ्यांतील पात्रांचे मानसशास्त्रीय ‘प्रकार’ ठरविण्याचा छंद वाचकांत चांगलाच रुजला आहे. त्याचे मूळ कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या ग्रंथात सापडते. विचार, भावना, संवेदन व अंतःस्फूर्ती हे मनाचे चार व्यापार. प्रत्येक अंतर्मुख वा बहिर्मुख. असे आठ प्रकार. पुढे कॅथरिन ब्रिग्ज व त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी त्यांचे १६ केले. युंग यांचा एक दंडक मात्र ध्यानात ठेवावा : विचार प्रबळ असेल तेथे भावना मागे पडते, भावना प्रबळ असेल तेथे विचार. (भावना म्हणजे येथे हळवेपणा नव्हे, बऱ्यावाइटाचे मोल ठरविण्याची शक्ती.)

चेस्टरटन यांच्या फादर ब्राऊनपाशी हा दंडक अडखळतो. ‘द ब्ल्यू क्रॉस’ (१९१०) या पहिल्याच कथेत सोबतच्या ‘धर्मगुरू’च्या बाहीखालचा फुगवटा पाहून त्यांना संशय येतो. मग ते मीठ-साखरेची अदलाबदल करतात, बिलाचा आकडा तिप्पट करतात. गृहस्थ गप्प राहतो, अर्थी त्याला काही लपवायचे आहे! तर्कबुद्धीची निंदा करणारा खरा धर्मगुरू नव्हे, असेही ते त्या फ्लाँबो नामक अट्टल चोराला शेवटी सुनावतात. एका पक्षाचा निकाल येथेच लागतो : अंतर्मुख विचार.

दुसरा पक्ष ‘द सीक्रेट ऑफ फादर ब्राऊन’ (१९२७) पुढे करतो. तेथे फादर सांगतात की, खुनी जणू आपणच आहोत इतके आपण त्याच्या अंतरंगात शिरतो. हे भावनेचे काम, असा या पक्षाचा दावा.

दोघेही सोयीची कथा निवडतात, असे आम्हांस वाटते. ‘द हॅमर ऑफ गॉड’मध्ये उंचावरून पडलेल्या लहानशा हातोडीचा हिशेब आणि धर्मसेवक विल्फ्रेडच्या काळजातील गर्व, दोन्ही एकाच दमात उलगडतात. हे तुम्हाला कसे कळले, असे तो विचारतो तेव्हा फादर केवळ आपल्या माणूसपणाकडे बोट दाखवितात. पुढे ते त्याला पोलिसांच्या हवालीही करीत नाहीत. तो आपल्या पायांनी जातो.

ही जाण उपजत नाही. फ्लाँबोच्या बाहीतले काटेरी कडे त्यांनी ओळखले, कारण हार्टलपूलला सहायक धर्मगुरू असताना तेथील मेंढरांनीच त्यांना ते शिकविले होते! पापनिवेदन ऐकता ऐकता घडलेला हा माणूस आहे. कल कोणताही असो, त्या खुर्चीत बसणाऱ्याला विचार व भावना दोन्ही राबवावी लागतात. शिवाय माणसाला कीटकासारखे बाहेरून न्याहाळून त्याचा ‘प्रकार’ ठरविणाऱ्यांवर फादरांचा १९२७च्या त्याच कथेत रोष आहे. युंग यांना तो पुरता लागू पडत नाही. ते कवट्या मोजीत नव्हते. पात्रांना चिठ्ठ्या चिकटविणाऱ्या वाचकांना मात्र पडतो.

वाद घालायचाच तर तो फ्लाँबोवर घालावा. चोर, मग गुप्तहेर, शेवटी स्पेनमधला लेकुरवाळा गृहस्थ : त्याचा प्रकार नेमका कोणत्या कथेतून ठरवायचा?