'ओमेरोस' आणि सेंट लुसिया : एका उपमेची चिकित्सा

प्रस्तावना

कॅरिबियन समुद्राच्या पूर्व कडेला, उत्तरेकडील मार्टिनिक आणि दक्षिणेकडील सेंट व्हिन्सेंट या बेटांच्या मध्ये सेंट लुसिया हे लहानसे बेट वसलेले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६१७ चौरस किलोमीटर असून लोकसंख्या दोन लाखांच्याही आत आहे. २२ फेब्रुवारी १९७९ रोजी हे बेट स्वतंत्र राष्ट्र झाले. एवढ्या लहान राष्ट्राने जगाला दोन नोबेल पारितोषिक विजेते दिले. अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांना १९७९ मध्ये आणि कवी व नाटककार डेरेक वॉलकॉट यांना १९९२ मध्ये हा सन्मान मिळाला. दोघांचाही जन्म कॅस्ट्रीज या राजधानीच्या शहरात झाला आणि दोघांचीही जन्मतारीख २३ जानेवारी हीच आहे.

वॉलकॉट (१९३०-२०१७) यांचे 'ओमेरोस' हे दीर्घकाव्य १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. सात भाग आणि चौसष्ट अध्याय असा त्याचा विस्तार आहे. ग्रोझ इले या कोळ्यांच्या गावातील अकिल, हेक्टर, फिलॉक्टीट आणि हेलन ही त्यातील प्रमुख पात्रे होत. ही नावे ग्रीक परंपरेतील असल्याने 'कॅरिबियन इलियड' अशा शब्दांत या काव्याची ओळख करून देण्याची प्रथा पडली आहे. आपल्याकडील इंग्रजीच्या वर्गांतही हीच ओळख सोयीची ठरते, कारण विद्यार्थ्याला होमर ऐकून माहीत असतो आणि सेंट लुसिया माहीत नसते.

ही ओळख अपुरी आहे आणि काही अंशी काव्याच्या आशयाच्या विरोधातही जाते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. 'ओमेरोस' ग्रीक उपमा स्वीकारते, ती शेवटपर्यंत ताणून पाहते आणि अखेरीस तिच्याविषयी अविश्वास व्यक्त करते. हा प्रवास समजून घेण्यासाठी बेटाचा भूगोल, इतिहास आणि लोकसंस्कृती यांचा परिचय आवश्यक ठरतो.

'वेस्ट इंडीजची हेलन' : उपमेचे ऐतिहासिक मूळ

बेटाला हेलनची उपमा देण्याची कल्पना मुळात वॉलकॉट यांची नाही. 'वेस्ट इंडीजची हेलन' हे सेंट लुसियाचे जुने बिरुद आहे. सतराव्या आणि अठराव्या शतकांत फ्रान्स आणि ब्रिटन या सत्तांमध्ये या बेटासाठी सतत संघर्ष चालू होता. प्रचलित गणनेनुसार बेटाचा ताबा चौदा वेळा बदलला. १८१४ च्या पॅरिस तहाने ते अखेर ब्रिटनकडे गेले. कॅस्ट्रीजचे खोल व सुरक्षित बंदर आणि मार्टिनिकमधील फ्रेंच आरमारावर लक्ष ठेवण्याची सोय ही या स्पर्धेची प्रमुख कारणे होती. १७८२ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅडमिरल रॉडनी यांनी सेंट्सच्या लढाईत फ्रेंच आरमाराचा पराभव केला, तेव्हा त्यांचा तळ याच बेटावर होता.

या इतिहासाच्या खुणा आजही दिसतात. शासनव्यवहाराची भाषा इंग्रजी आहे, परंतु बहुसंख्य गावांची नावे फ्रेंच आहेत. नागरी कायद्यावर फ्रेंच परंपरेचा ठसा आहे. कॅथलिक पंथाचे प्राबल्य आहे. लोकांची घरगुती भाषा क्वेयोल आहे. तिचा शब्दसंग्रह मुख्यतः फ्रेंच असला तरी तिच्या घडणीत आफ्रिकी भाषांचा वाटा मोठा आहे.

हेलनच्या उपमेत बेटाच्या सौंदर्याचे कौतुक आहे, पण तिच्यात एक गृहीतकही दडलेले आहे. ज्या वस्तूसाठी इतरांनी लढावे अशी वस्तू म्हणजे हे बेट, असे ही उपमा सुचविते. तेथील मूळ कालिनागो लोक, आफ्रिकेतून आणलेले गुलाम आणि त्यांचे वंशज यांना तीत स्थान नाही. सेंट लुसियाच्या स्वतःच्या इतिहासातही या गृहीतकाला छेद देणारे प्रकरण आहे. फ्रेंच राज्यक्रांतीने १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द केल्यानंतर येथील मुक्त झालेल्या लोकांनी शस्त्रे हाती घेतली आणि १७९५ मध्ये ब्रिटिशांना काही काळ बेट सोडणे भाग पाडले. पुढच्याच वर्षी ब्रिटिशांनी बेट पुन्हा जिंकले. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी कायद्याने संपण्यास १८३४ साल उजाडावे लागले आणि त्यानंतरची सक्तीची उमेदवारीही १८३८ पर्यंत चालली.

'ओमेरोस'मधील मेजर प्लंकेट हा निवृत्त इंग्रज अधिकारी याच उपमेच्या आहारी जातो. त्याच्या घरी पूर्वी मोलकरीण म्हणून काम केलेल्या हेलनला 'इतिहास' मिळवून द्यावा या हेतूने तो बेटाचा इतिहास धुंडाळू लागतो. त्याच्या हाती लागते ती सेंट्सची लढाई आणि त्या लढाईत मृत्यू पावलेला त्याच्याच आडनावाचा एक तरुण नौसैनिक. हेलनसाठी आरंभलेल्या संशोधनातून निपुत्रिक मेजरला सापडतो तो स्वतःचा मानसपुत्र. संशोधकाच्या सद्हेतूवरील इतकी सौम्य आणि तरीही मर्मभेदी टीका अन्यत्र क्वचितच आढळेल.

येथे काव्याची एक मर्यादाही नोंदवावी लागते. प्लंकेटच्या इतिहासदृष्टीवर टीका करताना वॉलकॉटही १७८२ च्या लढाईलाच केंद्रस्थानी ठेवतात. गुलामांनी स्वतः लढलेल्या १७९५-९६ च्या युद्धाला तसे स्थान मिळत नाही. उपमेची चिकित्सा करणाऱ्या कवीलाही उपमेने आखून दिलेले रिंगण पूर्णपणे ओलांडता आलेले नाही, असे म्हणावे लागेल.

भूगोल : लिखित नसलेले दफ्तर

ज्यांच्या पूर्वजांची नोंद जहाजांच्या मालयादीत केवळ संख्येने झाली, त्यांचा इतिहास कोठे शोधावयाचा, हा कॅरिबियन साहित्याचा मूलभूत प्रश्न आहे. 'ओमेरोस' त्याचे उत्तर भूगोलात शोधते.

सेंट लुसिया हे ज्वालामुखीजन्य बेट आहे. नैर्ऋत्य किनाऱ्यावर सूफ्रिएर गावाजवळ ग्रो पिताँ आणि प्ती पिताँ हे दोन सुळके समुद्रातून जवळजवळ सरळ वर आलेले आहेत. हा परिसर २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. जवळच उकळत्या चिखलाची आणि गंधकाच्या वाफांची कुंडे आहेत. काव्याच्या अखेरच्या भागात वॉलकॉट या कुंडांना नरकाचे रूप देतात. बेटाची जमीन विकणारे तेथे शिक्षा भोगत आहेत आणि केवळ बाह्य सौंदर्य टिपणारे कवीही त्याच गर्तेत आहेत. निवेदक स्वतः तेथे ओढला जाता जाता वाचतो. सौंदर्याचे वर्णन करणारा कवी आणि सौंदर्याचा व्यापार करणारा दलाल यांच्यातील अंतर फार नाही, ही जाणीव येथे स्पष्ट होते.

काव्याचा आरंभही याच दृष्टीने महत्त्वाचा आहे. फिलॉक्टीट पर्यटकांना झाडे तोडून होड्या कशा घडविल्या ते सांगतो. थोडे अधिक पैसे मिळताच गंजलेल्या नांगराने झालेल्या जखमेचा व्रणही दाखवितो. ती जखम बरी कशी झाली हे मात्र तो सांगत नाही. म्हणजे पर्यटकाला काय द्यावयाचे आणि काय राखून ठेवावयाचे याचा निर्णय त्याने घेतलेला आहे. तोडलेल्या झाडांमध्ये कवीला बेटावरून नाहीसे झालेले जुने देव आणि त्यांच्याबरोबर लुप्त झालेले मूळ रहिवासी दिसतात. बेटाचे मूळ नाव इग्वाना या सरड्याच्या जातीच्या प्राण्यावरून आले असे मानले जाते. त्याच नावाचे 'ह्यूवानोरा' हे रूप आज तेथील आंतरराष्ट्रीय विमानतळाला दिलेले आहे. ज्यांची भाषा नष्ट झाली, त्यांचा एक शब्द विमानतळाच्या फलकावर उरला आहे.

जखम, औषध आणि लोकसंस्कृती

फिलॉक्टीटची जखम हे या काव्याचे मध्यवर्ती प्रतीक आहे. तिचे कारण नांगर असले तरी तिचे मूळ आपल्या पूर्वजांच्या पायांतील साखळदंडांत आहे, अशी त्याची श्रद्धा आहे. 'नो पेन कॅफे' हे दुकान चालविणारी मा किलमन त्याला बरे करते. ती चर्चमध्ये जाणारी श्रद्धाळू कॅथलिक आहे. पण औषधाची वनस्पती तिला सापडते ती मुंग्यांच्या माग काढत डोंगरात शिरल्यावर, आफ्रिकेतील विस्मृत देवतांच्या साक्षीने. त्या वनस्पतीचे बी एका पक्ष्याने महासागर ओलांडून आफ्रिकेतून आणलेले आहे. फिलॉक्टीटला स्नान घातले जाते ते जुन्या साखर कारखान्यातील काहिलीत. ज्या काहिलीत पूर्वजांच्या श्रमाची साखर झाली, तीच काहील वंशजाच्या उपचाराचे पात्र होते. या प्रसंगाला होमरची कोणतीही किल्ली लागत नाही. मळ्यांचा इतिहास आणि बेटावरील औषधी वनस्पतींची परंपरा एवढे ज्ञान पुरेसे ठरते.

अकिल उष्माघाताच्या भ्रमात आफ्रिकेतील आपल्या पूर्वजांच्या गावी पोहोचतो, हा प्रसंगही असाच आहे. तेथे त्याचा पिता अफोलाबे त्याला त्याच्या नावाचा अर्थ विचारतो. अकिलला तो सांगता येत नाही. ग्रीक नाव हा येथे अभिमानाचा विषय राहत नाही. मळेवाल्यांनी गुलामांना हौसेने दिलेल्या अभिजात नावांची ती आठवण आहे. अकिल आणि अकिलीझ यांची समांतरता दाखवून थांबणारे समीक्षण या प्रसंगाला न्याय देऊ शकत नाही.

निवेदकाच्या दिवंगत पित्याची भेटही येथे उल्लेखनीय आहे. कॅस्ट्रीज हे एके काळी आगबोटींना कोळसा पुरविणारे महत्त्वाचे बंदर होते. डोक्यावर कोळशाच्या जड टोपल्या घेऊन फळीवरून बोटीवर चढणाऱ्या स्त्रियांची आठवण पिता मुलाला देतो आणि त्यांच्या पावलांची लय काव्यात आणणे हे त्याचे कर्तव्य असल्याचे सांगतो. काव्याच्या लयीचा उगम ग्रीक वृत्तात न शोधता कष्टकरी स्त्रियांच्या चालीत शोधणारा हा विचार 'ओमेरोस'च्या काव्यशास्त्राचा गाभा आहे.

हेलनचा नकार

काव्यातील हेलनही उपमेत मावत नाही. अकिल आणि हेक्टर तिच्यासाठी भांडतात. हेक्टर समुद्र सोडून प्रवासी गाडी चालवू लागतो आणि अपघातात मरण पावतो. पर्यटनाच्या अर्थव्यवस्थेने कोळ्याच्या जीवनात घडविलेला बदल या मृत्यूतून सूचित होतो. हेलन गर्भवती आहे आणि पिता कोण याची तिलाही खात्री नाही. होणाऱ्या मुलाला आफ्रिकी नाव द्यावे असे अकिलला वाटते, पण हेलनला ते मान्य नाही. ग्रीक उपमा नाकारल्यावर तिच्या जागी आफ्रिकी मुळांची कल्पना आणून बसविणे पुरेसे नाही, असा या नकाराचा अर्थ लावता येतो.

चोपन्नाव्या अध्यायात निवेदक स्वतःलाच प्रश्न विचारतो. होमरची सावली न पाडता, सूर्याला दिसावी तशी ही स्त्री आपण का पाहू शकलो नाही? प्लंकेटचा इतिहास आणि आपले साहित्य या दोन्हींची हेलनला गरज नव्हती, हे त्याच्या ध्यानी येते. तथापि ही कबुली निवेदकाची आहे. हेलनला काव्यात स्वतःचा आवाज फारसा मिळत नाही, हा आक्षेप त्यामुळे दूर होत नाही.

१९९२ च्या नोबेल व्याख्यानात वॉलकॉट यांनी हीच जाणीव वेगळ्या संदर्भात मांडली आहे. त्रिनिदादमधील फेलिसिटी या गावातील रामलीलेने या व्याख्यानाचा आरंभ होतो. उसाच्या मळ्यांसाठी करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांचा हा उत्सव त्यांना प्रथम नाटक वाटला. पुढे त्यांना उमगले की सहभागी मुलांसाठी तो श्रद्धेचा भाग होता आणि आपण त्याकडे हरवलेल्या भूतकाळाचा अवशेष म्हणून पाहत होतो. भारतीय अध्यापकाने हा भाग विशेष सावधपणे वाचावयास हवा. १८५९ पासून सेंट लुसियातही भारतीय मजूर गेले होते. त्यामुळे या बेटांकडे 'आपल्या संस्कृतीचा विस्तार' म्हणून पाहण्याचा मोह होतो. हा मोह आणि प्लंकेटचा मोह यांत तत्त्वतः फरक नाही.

वर्तमान संदर्भ

उपमेचा प्रश्न केवळ साहित्यिक नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर उसाची जागा केळीच्या लागवडीने घेतली आणि अनेक लहान शेतकऱ्यांना युरोपीय बाजारपेठेतील सवलतींचा आधार मिळाला. १९९० च्या दशकात जागतिक व्यापार संघटनेतील वादानंतर या सवलती क्रमाने संपत गेल्या आणि पर्यटनावरील अवलंबित्व वाढले. दोन पिताँच्या मध्ये उभारल्या गेलेल्या विश्रामधामाला वॉलकॉट यांनी जाहीर विरोध केला होता. जाहिरातीतील 'सुंदर बेट' आणि जुन्या दर्यावर्दींची 'हेलन' यांत फारसे अंतर नाही. दोन्हींमध्ये बेट पाहिले जाते, पण ऐकले जात नाही.

ऐकण्यासारखे मात्र बरेच आहे. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या लोकसंशोधन केंद्राने क्वेयोल भाषा व लोकपरंपरा यांच्या जतनाचे कार्य केले. दर ऑक्टोबरमध्ये क्वेयोल दिन साजरा होतो. ला रोझ आणि ला मार्गरीट या पुष्पमंडळांचे गायनोत्सव अनुक्रमे ऑगस्ट आणि ऑक्टोबर महिन्यांत होतात. 'ओमेरोस'मधील संवादांत क्वेयोलची वाक्ये येतात ती या जिवंत परंपरेतून.

निष्कर्ष

१. 'वेस्ट इंडीजची हेलन' ही उपमा वसाहतवादी स्पर्धेतून निर्माण झाली. 'ओमेरोस' तिचा स्वीकार करून तिचीच चिकित्सा करते.

२. लिखित साधनांत ज्यांना स्थान नाही, त्यांचा इतिहास काव्यात झाडे, समुद्र, जखम, औषधी वनस्पती आणि श्रमाची लय यांतून व्यक्त होतो.

३. १७९५-९६ च्या मुक्तिसंघर्षाला मिळालेले गौण स्थान आणि हेलनचे मौन या काव्याच्या मर्यादा आहेत.

४. अध्यापनात होमरपासून आरंभ करण्याऐवजी बेटाच्या नकाशापासून, गावांच्या नावांपासून आणि क्वेयोल संवादांपासून आरंभ करणे अधिक उचित ठरेल. होमर नंतर आला तरी चालेल. तो आधी आल्यास विद्यार्थी सेंट लुसियापर्यंत पोहोचतच नाही, आणि हे काव्य ज्या चुकीविषयी आहे तीच चूक आपल्या वर्गात पुन्हा घडते.